विहिरीतला झाडबेडूक

नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत मी वर्ध्याला प्राणिशास्त्रात संशोधन करत होते. आदल्या पावसाळ्यात माझ्या सरांना जाम गावाच्या पुढे, एका शेतातल्या विहिरीवर झाडबेडूक आणि त्याचं फेसाचं घरटं दिसलं होतं. त्या बेडकाच्या मांडीवरचे पिवळे ठिपके माहीत असलेल्या कुठल्याच जातीत बसत नव्हते. म्हणून आम्ही दोघं स्कूटरवरून, भर दुपारी, पुन्हा तिथे गेलो.

विहिरीच्या दगडांच्या फटींत बेडूक सापडले. बरणीत मावतील तेवढे मी टाकले. एक उरला, तो ओल्या कापडी पिशवीत घालून पिशवी मनगटाला बांधली.

त्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा होती. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. बांधावरून माणसं धावत आली. एकानं सरांची झोळी उलटी केली, आतली क्लोरोफॉर्मची बाटली उघडून हुंगली आणि ओरडला, "पोरायले बेशुद्ध कराची दवा हाय रे!"

"बेडकांसाठी आहे ती," सर म्हणाले.

"बेडकाले दवा? आमाले येडं समजून राह्यला काय?"

पहिलीच काठी सरांच्या कानशिलावर बसली. मला केसांना धरून चिखलात पाडलं. एक बाई माझ्या तोंडावर चपलेनं मारत होती आणि मारताना स्वतःच रडत होती. "माया लेकराले नेनार होतीस का?" बरणी फुटली. सुटलेले बेडूक पायांखाली चिरडले गेले. सरांना फरफटत विहिरीच्या काठाशी नेलं, दोघांनी त्यांचे पाय उचलले. तेवढ्यात शेतमालक धावत येऊन मधे पडला. "माया ओळखीचे हायेत! मागच्या सालीबी आलते!" त्याच्याही पाठीवर काठ्या पडल्या, तेव्हा कुठे हात थांबले.

दवाखान्यात टाके घालून घेताना सरांनी विचारलं, "काही वाचलं का?"

पिशवी मनगटालाच होती. बेडूक जिवंत होता.

नवी जात सिद्ध करायची तर नमुना जपून ठेवावा लागतो, म्हणजे आधी मारावा लागतो. सर पडून होते, ते काम माझ्यावर आलं. प्रयोगशाळेत मी बेडूक बरणीत ठेवून क्लोरोफॉर्मचा बोळा आत टाकला. बेडूक काचेवर पाय झाडत राहिला. सुजलेल्या हातानं मी झाकण दाबून धरलं, तो थांबेपर्यंत. त्याच्यावरूनच आम्ही वर्णन लिहिलं.

सरांचा डावा कान कायमचा गेला. नव्या जातीला नाव देताना त्यांनी त्या गावाचंच नाव दिलं.

"ज्यांनी तुम्हाला मारलं, त्यांचं?" मी चिडून विचारलं.

"बेडूक त्यांच्याच गावचा आहे," सर म्हणाले.

मला ते आजही पटलेलं नाही.