पान उलटणाऱ्या वझलवारबाई

वझलवारबाई कुठलाही कागद शेवटून वाचायच्या. हॉटेलात मेन्यूकार्ड दिलं की आधी उलटं करायच्या, लग्नपत्रिका आली की मागची बाजू बघायच्या, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी तर पार शेवटच्या ओळीपासून सुरू करायच्या. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या मुलीचं, इराचं प्रगतिपत्रक फ्रिजवर लावलेलं होतं. बाईंनी मॅग्नेट काढला, कागद उलटला, मागचे बारीक अक्षरातले शेरे वाचले आणि पुन्हा जागेवर लावून ठेवला. मला जरा राग आला होता, म्हणून मी विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "पुढे लिहितात ते लोकांनी वाचावं म्हणून असतं जी. मागे लिहितात ते लिहावंच लागते म्हणून असतं."

बाई मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या चिप कंपनीतल्या नोकरीपायी इकडे अमेरिकेत आल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. चँडलर शहराच्या पुढे, जिथे आमच्यासारख्यांच्या एकसारख्या घरांच्या कॉलन्या संपतात आणि कापसाची उरलीसुरली शेतं लागतात, तिथल्या प्राथमिक शाळेत त्या वाचन शिकवायच्या. तिसरीत येऊनही ज्यांना वाचता येत नाही अशी मुलं त्यांच्याकडे पाठवत. जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, एका वेळी पाच-सहा मुलं, एवढाच कारभार. मुलं त्यांना 'मिस वाझ' म्हणत. "कापूस काही माझा पिच्छा सोडत नाही बाप्पा," असं त्या शेतांकडे बघून म्हणायच्या.

आमचा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारा विभाग, इतका लहान की शाळा सगळ्या मिळून तीन. पण तीन शाळांवर राज्य करायला पाच निवडून आलेले बोर्ड मेंबर, त्यांनी नेमलेला एक सुपरिंटेंडंट आणि त्याच्या हाताखाली वातानुकूलित ऑफिसात बसलेली बरीच मंडळी. पाचांपैकी तिघांच्या विरुद्ध कुणी उभंच राहिलं नव्हतं, म्हणून ते निवडून आलेले. अध्यक्ष घरं विकण्याच्या धंद्यातला. बोर्डाची मीटिंग महिन्यातून एकदा संध्याकाळी तिघांतल्या दुसऱ्या एका शाळेच्या कॅफेटेरियात भरायची. समोर बसायला मुलांचीच बुटकी बाकं. त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसणारी, दर महिन्याला न चुकता येणारी एकच व्यक्ती म्हणजे वझलवारबाई.

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा गेलो तो निव्वळ उत्सुकतेपोटी. तिथला एक प्रकार मला तेव्हा कळला. त्याला 'कन्सेंट अजेंडा' म्हणतात. ज्या विषयांवर चर्चेची गरज नाही असं ठरवलेलं असतं, ते सगळे एका यादीत घालायचे आणि एकाच मतानं, तोंड न उघडता, एकगठ्ठा मंजूर करायचे. बसचे टायर, फळ्याचे मार्कर, शिपायाची रजा. एखाद्या मेंबरनं मागणी केली तरच त्यातला विषय बाहेर निघतो. अर्थात यादीच्या शेवटच्या पानावर काय असतं हे बाईंना बरोबर ठाऊक होतं. त्या दिवशी टायरांच्या खाली सुपरिंटेंडंटचा वाढीव गाडीभत्ता होता. त्याच वर्षी बाईंच्या खोलीतली मदतनीस काढून टाकली होती.

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. त्यासाठी एक पिवळं कार्ड भरून द्यायचं. भिंतीवर लाल आकडे उलटे पळत असतात. बाई उठल्या आणि त्यांच्या नागपुरी इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या की मला शेवटच्या पानाबद्दल विचारायचं आहे. मेंबरांपैकी दोघांनी तेव्हा पहिल्यांदा शेवटचं पान काढलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग सुपरिंटेंडंट हसून म्हणाला की तो वेगळ्या फंडातला पैसा आहे. आणि अध्यक्ष म्हणाला, "थँक यू, मिसेस वाझ. वुई अप्रिशिएट युवर पॅशन." हे वाक्य तो दर महिन्याला म्हणायचा. इतकं गुळगुळीत, इतकं बेशरम वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. गाडीभत्ता पाचही मतांनी मंजूर झाला. त्याच मीटिंगमध्ये मैदानावर नवा इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड बसवायचं ठरलं. तोसुद्धा वेगळ्या फंडातून.

बाहेर आल्यावर मी संतापून काहीबाही बोललो. बाई गाडीची चावी शोधत होत्या. "सगळे फंड वेगळे, अन् पोट्टे तेच," एवढंच म्हणाल्या.

राज्याकडून शाळेला परीक्षेतल्यासारखी एक श्रेणी मिळते. बाईंच्या शाळेला ती खालून दुसरी मिळायची. एका वर्षी ती एका पायरीनं वर चढली, तर बोर्डानं केक कापला. फुगे लावले. सुपरिंटेंडंटनं पडद्यावर हिरवे बाण दाखवले. बाईंनी छापील प्रत मागून घेतली, उलटली आणि शेवटच्या तळटिपेवर बोट ठेवून मला दाखवलं. श्रेणी बहुतांशी हजेरी वाढल्यामुळे चढली होती. तिसरीतली निम्म्याहून जास्त मुलं तशीच अडखळत वाचत होती. केकचा तुकडा बाईंनी तसाच बशीत ठेवला. "पोट्टे शाळेत येऊन राहिले, पण वाचून नाही राहिले. केक कशाचा कापता जी?" हे त्या अध्यक्षाला मराठीतच म्हणाल्या आणि तो प्रसन्नपणे मान हलवत राहिला.

बोर्डाला नावं ठेवणं सोपं आहे. आमचीही लायकी सांगतो. आम्ही मराठी मंडळींनी इथे घरं घेताना ॲपवर शाळेचं रेटिंग बघितलं, ते वाईट दिसलं, पण घर स्वस्त मिळत होतं. मग घर इथे घेतलं आणि मुलं फॉर्म भरून शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या चकचकीत शाळेत घातली. कायद्यानं ते चालतं. मीही इराला तसंच घातलं. दिवाळीच्या कार्यक्रमात कोण कुठे ॲडमिशन मिळवतं यावर आम्ही तास-तास बोलायचो. सरकार शाळेला मुलामागे पैसे देतं, त्यामुळे मूल गेलं की पैसाही त्याच्याबरोबर जातो, हे मला बाईंनीच सांगितलं, तेही न रागावता. "तुमची इरा गेली, तिचा पैसा गेला. छपराला मात्र तेवढंच डांबर लागते." मी त्यावर विषय बदलला होता.

राज्याचा पैसा पुरत नाही म्हणून दर काही वर्षांनी डिस्ट्रिक्ट लोकांकडे जादा मालमत्ता कर मागतो. त्याला ओव्हरराइड म्हणतात आणि तो मतपत्रिकेवर येतो. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर एका नोव्हेंबरात तो आला. नापास झाला तर बाईंची प्राथमिक शाळा बंद होणार, हे बोर्डानं आधीच ठरवून टाकलं होतं. ऑफिस बंद करायचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नाही. जिन्याखालची खोली जाणार होती. त्या वर्षी बाईंकडे मारिसोल नावाची मुलगी होती. तीन वर्षं ती चित्रं बघून गोष्ट अंदाजानं सांगायची. ऑक्टोबरात तिनं चित्र झाकून एक अख्खं पान वाचलं, हे बाईंनी मला फोन करून सांगितलं.

मी तेव्हा नवा नवा नागरिक झालो होतो. पोस्टानं मतपत्रिका आली त्याच दिवशी मी ती भरली, पाकिटावर सही केली आणि पेटीत टाकून आलो. सोबत आलेला 'मी मत दिलं' असा स्टिकर शर्टला लावून इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. बावन्न जणांनी अंगठे दिले. आठवड्यानं बाईंच्या सांगण्यावरून आमच्या घरी चहाचा कार्यक्रम ठेवला. बायकोनं, शिल्पानं, बटाटेवडे केले. हॉलभर लोक. बाईंनी नमुना मतपत्रिका वर धरली.

"हे पाहा. पुढे राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, मोठे मोठे लोक. त्यांच्यावर तुम्ही व्हॉट्सॲपवर लई भांडून राहिले. मग न्यायाधीशांची लांब यादी. तिथे माणूस थकते. आपली शाळा कुठे आहे?" आणि त्यांनी कागद उलटला. "इथे. सगळ्यात खाली."

"काकू, मी तर हे बघितलंच नसतं यार," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. मी पान उलटलं नव्हतं. न्यायाधीशांची यादी संपल्यावर मतपत्रिकाच संपली असं मी धरलं होतं, कारण मला फोटो टाकायची घाई होती. मत पेटीत पडलं होतं, आता काही करता येणार नव्हतं. मी ट्रे फिरवला. त्यानंतरच्या आठवड्यात मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले आणि पान उलटा, पान उलटा म्हणून त्यांचा जीव खाल्ला.

ओव्हरराइड पडला. आमच्या घरी चहाला जेवढी माणसं आली होती, त्याहून कमी मतांनी पडला. दोन दिवसांनी बाई निकालाचा कागद घेऊन आल्या. विरोधात मत देणाऱ्यांवर त्या चिडल्या नव्हत्या. मतपत्रिका किती आल्या आणि या प्रश्नावर मतं किती पडली, यातला फरक त्यांनी पेन्सिलनं गोल केला होता. "इतक्या लोकांनी पान उलटवलंच नाही," म्हणाल्या. मग अगदी सहज, कप खाली ठेवत, मला म्हणाल्या, "तुम्ही तर उलटवलं असेलच."

"अर्थात, बाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागदाची घडी घातली. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. माणसांच्या मागच्या बाजूही त्या वाचायच्या, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

उन्हाळ्यात शाळा बंद झाली. इमारत अध्यक्षाच्या ओळखीतल्या कुणीतरी भाड्यानं घेतली. मारिसोल आता बसनं लांबच्या शाळेत जाते आणि तिथे वाचनाची वेगळी शिक्षिका नाही. बाईंचं कंत्राट संपवलं, तेही कन्सेंट अजेंड्यावर, शेवटच्या पानावर. त्या मीटिंगलाही त्या आल्या होत्या, पिवळं कार्ड भरून. तीन मिनिटांत स्वतःबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, खोलीतली दोनशे पुस्तकं कुठे जाणार एवढंच विचारलं. अध्यक्षानं त्यांच्या पॅशनचं कौतुक केलं. त्यानंतरही त्या दर महिन्याला जात राहिल्या. मी मात्र कामाची सबब सांगायला लागलो.

यंदा जानेवारीत निमोनियाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. फेब्रुवारीच्या मीटिंगची यादी मी घरी छापून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटून वाचायला घेतली. शेवटच्या पानावर जुन्या फर्निचरची विल्हेवाट होती, त्यावर बसचे टायर आणि मध्ये एका ओळीत दिवंगत माजी शिक्षिकेबद्दल शोकप्रस्ताव. कन्सेंट अजेंडा. नावही चुकीचं लिहिलं होतं.

मी गेलो. बुटक्या बाकावर बसलो. पिवळं कार्ड भरलं. नाव पुकारल्यावर उभा राहिलो, लाल आकडे पळायला लागले. मी म्हणालो की तो प्रस्ताव यादीतून बाहेर काढावा आणि नाव दुरुस्त करून मोठ्यानं वाचावा. पाचांपैकी एकाही मेंबरनं तशी मागणी केली नाही. मग मी म्हणालो, ओव्हरराइडच्या वेळी मी मतपत्रिकेचं पान उलटलं नव्हतं. बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. एवढंच बोलायचं होतं, ते बोलून झालं, आणि घड्याळात अजून दोन मिनिटांहून जास्त वेळ शिल्लक होता.

"थँक यू, सर," अध्यक्ष म्हणाला. "वुई अप्रिशिएट युवर पॅशन."

मग त्यानं मत घेतलं. टायर, शोक आणि फर्निचर, पाचही मतांनी, एकगठ्ठा मंजूर झालं. मी अजून उभाच होतो.