सुनांचा बांध

सालईच्या झाडाचा डिंक उन्हात तापला की त्याला धुपासारखा गोडसर वास सुटतो, आणि त्या गोडीच्या तळाशी थोडा कडवटपणा उरतो. आमच्या समितीच्या खोलीला तोच वास होता. खोली जुन्या शहरात, एका छापखान्याच्या माडीवर. फर्दापूरकडच्या डोंगरातली माणसे ज्या फडक्यात कागद बांधून आणत, त्यातच कधी विकायचा डिंकही असे. कागद आमच्याकडे राहत, त्यांच्याबरोबर वासही राही.

या समितीचा इतिहास कुणी लिहिला नाही. लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणूनच तो लिहायचा राहिला असावा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मानणारा कायदा आला, आणि पाठोपाठ ‘पुरावा अपुरा’ असा शेरा घेऊन परतलेल्या दाव्यांचे गठ्ठेही आले. ते दावे कुणीतरी तटस्थपणे पुन्हा पाहावेत, म्हणून एका निवृत्त न्यायाधीशांनी ही समिती उभी केली. दुसरे सदस्य निवृत्त मंडळ अधिकारी. त्यांचे आयुष्य जमिनी मोजण्यात गेले होते. तिसरी मी. महाविद्यालयात कविता शिकवत होते. इथे जबाब नोंदवायला आले. आमच्या अहवालाला कायद्याचे बळ नव्हते. पण फेरसुनावणीत तो वाचला जाई, आणि कधी कधी त्याने निकाल फिरेही.

एका भिल्ल म्हातारीचा दावा फेटाळला गेला होता. डोंगराच्या कुशीत तिचा एक तुकडा होता, ज्वारी आणि थोडी तूर पिकवणारा. फेरसुनावणी ही तिची शेवटची संधी होती. मंडळ अधिकारी आजारी होते, म्हणून मी एकटीच जागेवर गेले. तिने मला पाणी दिले आणि सरळ बांधावर नेले.

त्यांच्या घराची एक रीत होती. नवी सून पहिल्या पेरणीला शेतात आली की तिने नदीतून एक धोंडा स्वतः उचलून आणायचा आणि बांधावर ठेवायचा. नवऱ्याने हात लावायचा नाही. म्हातारी एकेका धोंड्याला तळवा लावत चालली होती. हा आजेसासूच्या सासूचा, तांबूस, मध्ये खळगा पडलेला. हा आजेसासूचा. हा सासूचा, मधोमध तडकलेला.

“रागानं आपटला व्हता,” ती म्हणाली. “सासऱ्याशी भांडून आली व्हती.”

शेवटचा धोंडा जेमतेम नारळाएवढा होता.

“ह्यो माझा. मी बारीक, धोंडा बी बारीक. सासू म्हणली, सून आणली का उंदीर आणला?”

मी वहीत सगळे उतरवत होते. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

“एवढं लिवतीस बाई. तेवढ्यात निम्मं रान खुरपून झालं असतं.”

जबाब नंतर शहरात बसून नीट लिहून काढायचा होता. अंगठ्यासाठी तिला शहरापर्यंत वेगळी खेप पडू नये, म्हणून मी एका कोऱ्या कागदाच्या तळाशी तिचा अंगठा घेतला. तेव्हा मला ती माया वाटली होती.

दोन दिवसांनी माडीवर बसून मी जबाब लिहिला. धोंड्यांचे वर्णन लांबले होते, एकसुरी वाटत होते. मी त्याचे सार काढले. ‘या मातीत आमच्या कुळातील स्त्रियांची पावले रुजली आहेत. आमच्या घामाने इथला प्रत्येक कण भिजला आहे.’ असे एक पानभर. न्यायाधीशांनी ते वाचून चष्मा काढला.

“बाई, तुमचा जबाब वाचला की शिक्का मारण्याऐवजी टाळी वाजवावीशी वाटते.”

मी हसले. खोटे कशाला सांगू, मी सुखावले होते.

सुनावणी घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी तो मोठ्याने वाचला. माणूस सभ्य होता. एकेक वाक्य सावकाश वाचत होता. म्हातारी डोक्यावरचा पदर धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“आजी, हे तुम्ही सांगितलंत?”

“लई चांगलं हाय, साहेब. पर म्या असं नाय बोलले.”

“अंगठा तुमचाच आहे ना?”

“व्हय. तवा कागद कोरा व्हता.”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मान खाली घालून समासात दोन ओळी लिहिल्या. “धोंड्याचं सांगते की, साहेब,” म्हणत ती एक पाऊल पुढे सरकली, तोवर पुढच्या दाव्याचा पुकारा झाला होता.

जिन्यात मंडळ अधिकाऱ्यांनी मला थांबवले. आजारातून उठलेले, सुनावणीला वर पोचू न शकलेले, कठड्याला धरून उभे होते. जबाब टिकला नाही एवढेच त्यांच्या कानी आले होते.

“मॅडम, हद्दीची काही खूण बोलली होती का ती? एखादी विहीर, झाड, धोंडा? एक जरी असली तरी निकाल निघायच्या आत आपण पुन्हा अर्ज करू. मी स्वतः जाऊन मोजून येतो.”

वही माझ्या पिशवीत होती. तिच्या कडा माझ्या बोटांना लागत होत्या. धोंडे होते असे म्हटले असते, तर ते मी गाळले हेही म्हणावे लागले असते.

“नाही,” मी म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले, आणि एकेक पायरी मोजत खाली उतरले.

तिचा दावा कायमचा फेटाळला गेला. त्यानंतर समिती फार चालली नाही. न्यायाधीश गेले. मंडळ अधिकारी मुलाकडे राहायला गेले. मालकाने माडी परत मागितली आणि गठ्ठे माझ्या घरी आले. कपाट उघडले की अजून सालई दरवळते. पावसाळ्यात जास्तच.

गेल्या उन्हाळ्यात मी ती वही घेऊन डोंगरात गेले. म्हातारी आता लेकीच्या झोपडीत राहते. तिथून तिचे रान दिसते. त्या उतारावर आता वनखात्याच्या रोपवनाचे चर आहेत, एकाखाली एक, आणि चरांच्या कडेने गुडघाभर रोपे. बांध नाही. धोंडे खालच्या नाल्यातल्या बंधाऱ्याला लागले, असे तिची लेक म्हणाली.

मी तिच्याजवळ भुईवर बसले आणि वही उघडली. आधी सगळे कबूल केले: कोरा कागद, गाळलेले धोंडे, जिन्यातले ते ‘नाही’. मग मी वाचू लागले. तांबूस, खळगा पडलेला. आजेसासूचा. रागाने आपटलेला. नारळाएवढा. शब्द तिचेच होते, तिने उच्चारले तसेच. ऐकताना तिचा तळवा भुईवरून हळूहळू पुढे सरकत होता आणि प्रत्येक धोंड्याशी थांबत होता.

मी वही मिटली. तिने समोरच्या चरांकडे पाहिले. मग माझ्याकडे वळली.

“आता?”