कण्हायची जागा

आत्याला भेटायला वृद्धनिवासात गेले, तर ती म्हणाली, "चल, बाहेर बसू." अंगणातल्या बाकावर टेकताना तिने लांबलचक "आई गं" म्हटलं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही गं. खोलीत म्हणता येत नाही, म्हणून इथे म्हणून घेते."

तिच्या खोलीत बोलणारं यंत्र बसवलंय. सांगितलं की दिवा लावतं, औषधाची आठवण करून देतं. पण ती उठता-बसता कण्हली की विचारतं, "मदत हवी आहे का?" आणि ती उत्तर देईपर्यंत सिस्टरना कळवूनही टाकतं. त्या बिचाऱ्या धावत येतात, बीपी बघतात. आत्या ओशाळते. म्हणून हल्ली ती खोलीत गप्प उठते, गप्प बसते.

यंत्राचं तसं काही चुकत नाही. पण माणूस कण्हतो ते दरवेळी कुणाला बोलावण्यासाठी नसतं. जड पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी, तेवढंच ते असतं.

मीही ऑफिसातून तशीच गेले होते. चपला काढून पाय पसरले.

"दमलीस?" आत्याने विचारलं.

"हो."

"हं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी काहीच न करता बसून राहिलो.