वॉकी-टॉकीला घातलेला हार

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा आलाच आहे, तर ऐका. हसून सांडलात तर पुसणार मात्र मी नाही!

मी कामशेतच्या एका छोट्या हॉस्पिटलात हेड सिस्टर. पुढे दुमजली इमारत, मधे अंगण, मागे लेबर रूम. गेल्या वर्षी आमच्या डॉक्टर मॅडमनी स्टाफसाठी पाच वॉकी-टॉकी आणले. अहो, काय आनंद झाला मला! सगळ्यांना शिकवायचं कामही माझ्याकडेच. "बटण दाबा, बोला, बटण सोडा! एक जण दाबून बसला, की बाकीच्यांची बोलती बंद!" हे वॉचमनला मी इतक्या वेळा ऐकवलं, की मला बघून तो वाट बदलायला लागला.

मग आला दसरा. आपल्याकडे त्या दिवशी कुठलं यंत्र पूजेवाचून राहतं का? बीपीच्या मशीनला फूल, अँब्युलन्सला हार. मग वॉकी-टॉकीनं काय पाप केलंय? बाकी चौघांना एकेक फूल वाहिलं. माझ्या लाडक्याला मात्र झेंडूचा हार, दोऱ्याचे चार वेढे घट्ट आवळून! खिशाला अडकवला आणि निघाले मिरवत.

अकराच्या सुमारास काउंटरवरचा फोन वाजला. अँब्युलन्सचे बबनभाऊ होते.

"सिस्टर, वडिवळ्याची बाई हाय, लय अडलीया! धा मिन्टात पोचतो. मॅडमला तयार ऱ्हायला सांगा!"

"काय? वडिवळ्याची बाई अडलीय? दहा मिनिटांत?" मी किंचाळलेच.

वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "मॅडम! लेबर रूम! अहो, कुणी आहे का?" कुणी हूं की चूं करेना! मॅडमचा मोबाईल माझ्यासमोरच चार्जिंगला लावलेला. तिकडे बाळ-बाळंतिणीचा जीव टांगणीला, आणि इथे ही तऱ्हा.

वॉकी-टॉकी परत खिशाला अडकवून धावत वर गेले, तर मॅडमची खोली रिकामी! पाय पळत होते, तोंड त्याहून जोरात. "जिलब्या हाणत बसले असतील मेले! मॅडमना तर सणाच्या दिवशी सकाळीच डुलकी लागते! आणि तो वॉचमन, त्यानंच बटण दाबून ठेवलं असणार, बावळट कुठला!"

अंगण ओलांडून लेबर रूमचं दार ढकललं. बघते तर काय! टेबल तयार, मॅडम हातमोजे घालून उभ्या, दोघी नर्स तोंड दाबून हसतायत.

"मॅडम, त्या वॉचमननं..."

"...वॉचमननं..." टेबलावरचा वॉकी-टॉकी माझ्याच आवाजात बोलला.

मॅडमनी माझ्या खिशाकडे बघितलं. "सिस्टर, आधी तो हार सोडा. डुलकीचं नंतर बघू."

हाराच्या दोऱ्याखाली माझंच बटण दाबलेलं! फोनवर मी किंचाळले तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. पुढचंही सगळं, अगदी गेटापर्यंत!

बारा वाजायच्या आत मुलगी झाली, आई सुखरूप. मी तर ढसाढसा रडले. तेवढ्यात वॉचमन जिलबीची बशी घेऊन समोर. "घ्या सिस्टर. आमी हाणली, तुमीबी हाणा."

यंदाच्या दसऱ्याला मी गुपचूप एकच फूल घेऊन उभी होते. मॅडमनी हार उचलला आणि थेट माझ्या गळ्यात घातला. म्हणाल्या, "यंत्राला नको, सिस्टरनाच असू दे. ह्यांचं बटण तसंही बारा महिने दाबलेलंच असतं!"