व्याही आणि सायकलची चेन

"अहो, त्या मास्तरानं सायकलीसाठी पोराचं लग्न अडवून धरलं होतं!" सोनपेठच्या बाजारात माझ्या दिवंगत व्याह्यांविषयी हे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. सांगणारे त्या वेळी पाळण्यात होते. मी वधूपिता म्हणून मांडवात उभा होतो. माझे व्याही हा आपल्या परभणी जिल्ह्यातला सर्वांत निर्लोभ मनुष्य. त्यांना हाव होती ती फक्त मूळ संख्यांची. एक आणि स्वतः यांखेरीज ज्यांना कोणी भागू शकत नाही, अशा संख्यांची.

निजामाच्या अमदानीत ते गणित उर्दूतून शिकले. अशा संख्येला ते 'मुफ्रद' म्हणत आणि एखाद्या एकट्या पडलेल्या नातलगाविषयी बोलावे तसे हळवे होत. पंगतीला तेवीस पाने निघाली, की सारख्या ओळी लागेनात म्हणून यजमान घामाघूम होई आणि व्याही दोन भाकरी अधिक जेवत. चोविसाव्या पाहुण्याकडे मात्र ते असे पाहत, जणू त्याने त्यांच्याच ताटात हात घातला आहे.

कॉम्प्युटर येण्याआधी परदेशात कोणी गणितज्ञाने सायकलच्या चेनींनी संख्या चाळल्या होत्या, हे वाचल्यापासून तर त्यांची झोपच उडाली. गोठ्यात एका दांड्यावर दातेरी चाके बसवून त्यांनी जुन्या चेनी टांगल्या. एकीच्या कड्या सातच्या पटीत, एकीच्या अकराच्या, एकीच्या तेराच्या. सातच्या चेनीत दर सातव्या कडीला लाल चिंधी, बाकीच्यांत त्याच हिशेबाने. दांडा फिरवला की एकेक संख्या पुढे सरके. एकही चिंधी वर आली नाही, तर ती संख्या तेवढ्या चाळणीतून सुटली. गणित गोठ्यात आणि म्हैस उन्हात, अशी त्या घराची व्यवस्था होती.

आता लग्नाचे. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. जावयासाठी मी नवी सायकल हार घालून मांडवात उभी केली होती. मागितली कोणीच नव्हती. अक्षता वाटून झाल्या आणि व्याही त्या सायकलपुढे उकिडवे बसले. उठेनात. मला मुलीकडे पाहवेना.

"व्याहीबुवा, काही कमी राहिलं का आमच्याकडून?" मी हात जोडले.

"सायकल ठिवा तुमच्यापाशी. नवरदेवाला पाय हायत," ते म्हणाले. "ही चेन तेवढी द्या. एकोणिसाच्या पटीत हाय, मोजली मी. मूळ संख्या संपल्या की आणून देतो."

"आवो, आधी पोराचं लगीन तर लागू द्या!" विहीणबाई कडाडल्या.

"लागू द्या की. मी कुठं धरून ठिवलंय?" म्हणत त्यांनी पाना मागितला.

चेन निघेपर्यंत लग्न खोळंबले, एवढेच खरे. माझ्या मुलीला त्या घरात 'माहेराहून काय आणलंस' असे कधी कोणी विचारले नाही. विचारले असते, तर उत्तर गोठ्यात फिरतच होते.

मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे एका ग्रीक पंडिताने दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध केल्याचे मला फार उशिरा कळले. व्याह्यांना ते ठाऊक नव्हते, असे मानायला मी तयार नाही. दर दिवाळीला मी विचारी, "संपल्या का?" ते हसून म्हणत, "संपायल्यात, संपायल्यात." आता विचारायला कोणी उरले नाही. "दुसरी चेन बसवा की," असे सौभाग्यवती म्हणतात. मी बसवत नाही. व्याह्यांनी शब्द दिला आहे.

त्यांनी सायकल उकळली असे ज्यांना अजूनही म्हणायचे असेल, त्यांनी माझ्या ओसरीवर यावे. ती तिथेच उभी आहे, चेनीवाचून.