मांडीचा पट्टा आणि झेंड्याची दोरी

मी तीन वर्षांची असताना माझा डावा पाय पोलिओनं नेला. जिभेला मात्र आजवर काही झालेलं नाही. म्हणून त्या सप्टेंबरात एका सकाळी मी नवऱ्याला जे बोलले, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

झालं असं, की आदल्या दिवशी लातूरहून मीटिंग आटोपून येताना आमच्या मुखेडच्या स्टँडवर मला पावसानं गाठलं. साडी वाळते, पर्स वाळते. पण माझा कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, खाली बूट आणि वर मांडीला अन् गुडघ्याला आवळून धरणारे चामड्याचे पट्टे. ते चामडं भिजलं की त्याचे लाड करावे लागतात. बुटात रद्दी कोंबायची, सावलीत ठेवायचं, वाऱ्यानं वाळू द्यायचं. मी ते सगळं करून झोपले होते. सकाळी नवऱ्यानं अंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटवला आणि लवकर वाळावा म्हणून मोठ्या प्रेमानं कॅलिपर बंबाला टेकवून ठेवला. तासाभरानं हौसेनं आणून दाखवला.

"बघ, कसा कडक वाळलाय!"

कडकच होता. मांडीचा पट्टा पापडासारखा झाला होता. वाकवायला गेले तर कडकड वाजला आणि एका कडेला बारीक चीर पडली.

"अहो, माझा पाय भाजला असता तरी चाललं असतं! तो काय कामाचा आहे? कामाचं होतं ते भाजलंत!"

बिचारा टॉवेल खांद्यावर टाकून बंब विझवायला गेला.

तीन दिवसांनी सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होता. आमच्याकडं त्या दिवशी शाळेशाळेत झेंडा लागतो. त्याच महिन्याच्या एक तारखेला मी मुख्याध्यापिका झाले होते, म्हणजे यंदा दोरी माझ्या हातात येणार होती. लहानपणी झेंड्याच्या वेळी मला वर्गातच बसवून ठेवायचे, "तू नको येऊ गं, दमशील." शिक्षिका झाल्यावर मी मागं, भिंतीला टेकून. आता ऑफिसपासून खांबापर्यंतची चाळीस पावलं मला माझी मला चालायची होती. कुबड्या घेऊन मी जाऊ शकले असते, पण मग दोरी ओढायला हात कुठून आणू? एवढीच गोष्ट हवी होती मला, पण लई हवी होती.

लातूरला जिथं कॅलिपर बनवून घेतला तिथं फोन लावला. नव्या पट्ट्याला पंधरा दिवस म्हणाले. मी कुबड्यांवर शाळेत पोचले तोवर आमच्या उपमुख्याध्यापकांना खबर लागलीच होती. "मॅडम, तुम्ही खुर्चीत बसा ना. दोरी मी ओढतो, नाव तुमचंच." माणूस वाईट नाही. पण पांढरा शर्ट त्यानं नक्की इस्त्रीला टाकला होता. मी फक्त "बघू" म्हणाले.

संध्याकाळी नवऱ्याला घेऊन स्टँडच्या मागं गेले. तिथं चपला शिवणारी एक म्हातारी मावशी बसते. तिनं पट्टा उलटा-पालटा केला, नाकाला लावला.

"बाई, ह्याला शेकलं कुणी?"

मी नवऱ्याकडं बघितलं. तो आभाळाकडं बघून राहिला होता.

"वाचंल का, मावशी?"

"मेला न्हाई अजून, तहानलाय. आदी ओलं फडकं फिरवा. मंग एरंडेल लावा. घरातलं करडीचं नगा लावू, ते वाळून चिकट पापुद्रा धरतंय. अन् तेल पाजायचं न्हाई बरं का, चाटवायचं. लेकराला मध चाटवतेत तसं, बोटानं. मंग थांबायचं, हातानं वळवायचं, पुन्हा चाटवायचं."

"किती वेळा?"

"मऊ होईस्तोवर."

असल्या उत्तरानं माझं डोकं फिरतं. पण दुसरा इलाज नव्हता. चिरेवर तिनं आतून अस्तर शिवून दिलं आणि आम्ही घरी आलो.

आमच्या माहेरी चामड्याचा विषय साधा नव्हता. आजोबांच्या पिढीनं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, धम्म घेतला, आणि त्यानंतर घरात चामड्याला कुणी हात लावीना. मग मला बूट आला. डॉक्टर म्हणाले, दर रविवारी तेल लावत जा. वडील तेव्हा जळकोटला मास्तर होते. पहिल्याच रविवारी ते बूट घेऊन ओट्यावर बसले, भर रस्त्यासमोर. आई म्हणाली, "आत बसा की, लोक बघून राहिलेत." वडील म्हणाले, "बघू दे. तवा गावाच्या हुकमानं करावं लागायचं म्हणून सोडलं. हे माझ्या लेकीचं काम हाय."

तर आम्ही दोघं त्या पट्ट्याच्या मागं लागलो. दिवसा मी शाळेत आणि हा घरी, बोटानं एरंडेल चाटवतोय. संध्याकाळी मी तो लाटण्यावर गुंडाळून हळूहळू वळवायची. पहिल्या दिवशी ढिम्म. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत नवऱ्याचा फोन आला. "अगं, कोपरा वाकला!" नात झाल्याची बातमी द्यावी तसा आवाज. घराला जुलाबाच्या औषधाचा वास सुटला होता आणि ते लाटणं पोळ्यांच्या कामातून कायमचं गेलं. पण सोळा तारखेला संध्याकाळी पट्टा माझ्या मांडीला वळसा घालून बसला आणि बक्कल जुन्याच भोकात लागलं. मी अंगणात चार फेऱ्या मारल्या. नवरा खांबासारखा शेजारी उभा. "सरका," मी म्हणाले, "सावली पडतेय." आणि मग मलाच रडू फुटलं.

सतराच्या सकाळी मैदान ओलं होतं. खांबाशेजारी खुर्ची मांडलेली, तिच्यामागं पांढरा शर्ट उभा. मी ऑफिसातून निघाले. कुबडी नाही, कुणाचा खांदा नाही. टक, टक, टक. सातशे पोरं रांगेत. चाळिसाव्या पावलाला मी दोन्ही हातांनी दोरी धरली आणि अशी ओढली की फुलं थेट माझ्या डोक्यावर पडली. राष्ट्रगीतभर मी ताठ उभी होते. काय सांगू, इतकी उंच मी कधीच नव्हते!

मग प्रभातफेरी. ती दरवर्षी उपमुख्याध्यापक नेतात. मी म्हणाले, "चला," आणि फाटकाबाहेर पडलेसुद्धा. मागं पोरांच्या घोषणा, पुढं बाजाराचा रस्ता, दुकानांच्या पायऱ्यांवर लोक उभे. मी काही थांबले नाही. चौक ओलांडला तेव्हा मागून धापा टाकत उपमुख्याध्यापकांचा आवाज आला, "मॅडम, अहो मॅडम, जरा हळू चला की!"

अख्ख्या जन्मात मला हे कुणी म्हणालं नव्हतं. मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं आणि आणखी जोरात निघाले.