डावीकडचा डोंगर

गाव सोडलं त्या सकाळी माझी बॅग आप्पांच्या दुधाच्या सायकलवरून फाट्यापर्यंत आली. एरवी त्या सायकलला दोन्ही अंगांनी किटल्या लटकलेल्या असतात. पाटणच्या वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीत घालणं हे माझ्या वडिलांचं काम. त्या दिवशी किटल्या घरीच ठेवून त्यांनी कॅरियरवर बॅग ठेवली, जुन्या ट्यूबच्या रबरानं करकचून बांधली, आणि सायकल हातात धरून चालत निघाले. मी शेजारून चालत होतो. आई ओट्यावरच थांबली होती. फाट्यापर्यंत आले तर रडेन, म्हणाली, आणि ओट्यावरच रडली.

एसटी आली तेव्हा आप्पांनी रबर सोडून खिशात घातलं आणि लहानपणापासून सांगत आले होते तेच पुन्हा सांगितलं. "डोंगर डाव्या हाताला ठिव. घर चुकायचं न्हाई."

शाळेतून येताना, बाजारातून येताना, जत्रेहून अंधार पडल्यावर येताना आम्ही पोरं हेच करायचो. आमचा डोंगर म्हणजे सह्याद्रीची लांबच लांब रांग. ती डाव्या हाताला ठेवून पायथ्यापायथ्यानं चालत राहिलं की वाडी येतेच. पण मी विमानानं कतारला शिकायला निघालो होतो. आमच्या घरात कॉलेज बघितलेलाच मी पहिला, त्यात विमान. तिथे डोंगराचं काय करायचं, हे विचारायचा धीर झाला नाही. गाडी सुटल्यावर खिडकीतून पाहिलं, तर डोंगर उजव्या हाताला होता. जाताना तो तिकडेच असणार. तरी मी सीटवर उलटा वळून बसलो.

हे मी गावातल्या लोकांसाठी लिहितोय आणि माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांच्यासाठीही. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मला इथे जे दिसलं ते माझ्या भाषेत सांगायचं, तर शब्द सगळे गावाकडचे आहेत आणि गोष्ट वाळवंटातली.

दोहात पहिले काही महिने मला सपाटीचा त्रास झाला. हसू नका. जिकडे पाहावं तिकडे आभाळ थेट जमिनीला टेकलेलं. नजर टेकवायला काही नाही. हॉस्टेलच्या गच्चीवरून मी उगाच उंच इमारतींमध्ये कडे शोधायचो. मग एक दिवस कळलं की इथे माउंटन बाइक चालवणाऱ्यांचा एक गट आहे, दर शुक्रवारी पहाटे शहराबाहेर जातो. मायदेशी परत निघालेल्या एका फिलिपिनो मुलाची सायकल मला मिळाली आणि मी जायला लागलो. आप्पांना फोनवर सांगितलं, डोंगरातली सायकल चालवतो.

"तितं डोंगर हाय?"

"नाही."

"मग?"

मी विषय बदलून दुधाचा भाव विचारला.

पण चाक डांबर सोडून वाळूच्या वाटेला लागलं आणि मला वेगळाच देश दिसला. पावसाचं पाणी साचून वाळलेल्या जागी मातीला पापुद्रा धरलेला असतो, वरून मिठाची पांढरी साय. त्यावरून सायकल गेली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. उत्तरेला सोडून गेलेल्या कोळ्यांच्या वस्त्यांच्या भिंती आहेत. दारातून आत पाहावं तर पलीकडे सरळ समुद्र. खारफुटीत चिखलावर उभे असलेले रोहित पक्षी आहेत. थोडं थांबलं की शांतता इतकी होते की आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू येतो. आधी वाटलं, इथे काहीच नाही. मग लक्षात आलं, इतकं मोठं "काहीच नाही" मी कधी पाहिलंच नव्हतं.

गटाचा म्होरक्या बिजूचेट्टन, केरळचा; चेट्टन म्हणजे त्यांच्याकडे दादा. तो "यल्ला" म्हणाला की निघायचं, "खलास" म्हणाला की थांबायचं. त्याचा एकच कडक नियम: पुढच्याच्या चाकोरीतून चालवायचं, नवीन चाकोरी पाडायची नाही. या जमिनीवर उठलेला चाकाचा ओरखडा वर्षानुवर्षं बुजत नाही म्हणे. मला हा नियम नुसता शिस्तीचा वाटायचा. त्याचा दुसरा उपयोग मला सबनीसकाकांच्या वेळी कळला.

सबनीसकाका मला दोहाच्या अल मन्सूरा भागातल्या एका किराणा दुकानात भेटले. मी मोडक्या हिंदीत ज्वारीचं पीठ मागत होतो आणि मागून शुद्ध पुणेरी आवाज आला, "त्याच्याकडचं शिळं असतं, आमच्याकडे ये." तेव्हापासून शनिवारचं जेवण अल हिलालमध्ये त्यांच्या घरी. काका गॅसच्या कंपनीत इंजिनियर. अर्धं आयुष्य इथे काढलेलं. मुलगी इथेच वाढली. ती आमचं मराठी ऐकून हसायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची, आता ती शिकायला परदेशात आहे. मागच्या हिवाळ्यात काका निवृत्त झाले. पुण्याची तिकिटं आली, घरात खोकी भरली जायला लागली. एका शनिवारी हातातली भाकरी तशीच धरून ते मला म्हणाले, "संतोष, मी या देशात काय बघितलं सांगू? प्लांट, घर आणि एअरपोर्ट. लोक विचारतील, इतकी वर्षं होतास, कसा आहे रे कतार? काय सांगू, एसी चांगला आहे?"

काकूंनी ताटात आमटी वाढता वाढता सांगितलं की एसी चांगलाच आहे.

काका मात्र हसले नाहीत. त्यांना एकदा वाळवंट बघायचं होतं, गाडीच्या काचेतून नाही. माझ्याबरोबर. त्यांच्या हृदयात स्टेंट होता आणि त्यांचं विमान पुढच्याच आठवड्यात. काकू तयार नव्हत्या. शेवटी कबूल झाल्या, ते माझ्या जिवावर. निघताना धपाट्यांचा डबा माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये घालत म्हणाल्या, "तू डोंगरातला मुलगा आहेस म्हणून ह्यांना पाठवतेय. जेवायच्या आत आणून सोड."

मी "हो" म्हणालो. इतकं जबाबदारीचं "हो" मी आयुष्यात म्हटलं नव्हतं.

आम्ही झिक्रीतच्या पुढे गेलो, पश्चिम किनाऱ्याला. तिथे चुनखडीच्या टेकड्या आहेत, वाऱ्यानं आणि खाऱ्या पाण्यानं खाऊन तासलेल्या. माथा ताटासारखा सपाट, बाजू उभ्या, एकेक टेकडी एकटीच उभी. काकांची गाडी खडीच्या रस्त्याला लावली आणि दोन सायकली उतरवल्या, एक माझी, एक त्यांच्यासाठी गटातून उसनी आणलेली. वाट बघायला माझा फोन होता, पण रेंज गेली आणि नकाशावरचा निळा ठिपका एका जागी अडकून बसला. काकांचा फोन गाडीत चार्जिंगला राहिला होता. आम्ही वाटेनं निघालो, एका टेकडीच्या कडेला लागलो आणि ती उजव्या हाताला ठेवून बरंच पुढे गेलो. पायथ्याशी एका ओलसर जागी थर्मास ठेवून चहा प्यायलो. चहा पिताना धुकं आलं.

इथे थंडीत समुद्रावरून धुकं येतं हे मला माहीत होतं. पण ते शहरातलं, दिव्यांभोवती गुंडाळलेलं. हे जमिनीवरून दुधासारखं चढत आलं. आधी समुद्राकडची बाजू गेली, मग क्षितिज गेलं, मग काकांची सायकल पुसट झाली. सूर्य कुठल्या बाजूला आहे तेही कळेना, सगळीकडून सारखाच उजेड. काका कुजबुजल्यासारखे म्हणाले, "काय आहे रे हे." मी म्हणालो, परत फिरू.

आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण पुढे काय करायचं ते मला पाठ होतं. येताना टेकडी उजव्या हाताला होती, म्हणजे जाताना डाव्या. धुक्यातही तिची फिकट भिंत दिसत होती. मी पुढे, काका मागे. काकांना मी आप्पांचं वाक्य सांगितलंसुद्धा, जरा अभिमानानंच. ते म्हणाले, "वा, सोपं आहे की."

आम्ही चालवत राहिलो. खडक आला, परत वाळू आली. टेकडी डाव्या हाताला होतीच. मी मागे वळून काकांचा श्वास ऐकत होतो. गाडी आतापर्यंत यायला हवी होती. काका एकदा थांबले, छातीवर हात ठेवला, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "अरे, जाकिटाची चेन लावतोय." पुढे थोड्या वेळानं माझं चाक एका ओलसर जागेवर आलं. तिथे वाळूत एक स्वच्छ गोल उमटलेला होता. थर्मासच्या बुडाचा.

मी सायकलवरून उतरलो. आमची रांग मैलोन्‌मैल सरळ जाते, म्हणून तिचा पायथा धरला की घर येतं. ही टेकडी एकटी होती. तिचा पायथा धरून मी तिच्याभोवती फिरून आलो होतो, एका म्हातारा होत चाललेल्या माणसाला घेऊन, ज्याला मी जेवायच्या आत आणून सोडणार होतो.

काकांनी तो गोल पाहिला, टेकडीकडे पाहिलं. "प्रदक्षिणा झाली की रे," म्हणाले. "आणि तीही उलटी."

मला हसू आलं नाही. पण त्या वाक्यानं श्वास परत जागेवर आला. आम्ही तिथेच बसलो. काकांना पाणी दिलं, उरलेला चहा दिला, धपाटं खाल्लं. काका म्हणाले, "डोंगरवाल्या, आता काय?" आणि तेव्हा मी पहिल्यांदा खाली पाहिलं. इतका वेळ मी फक्त टेकडीकडे बघत होतो. जमिनीवर आमच्याच चाकांच्या दोन ओळी होत्या, येतानाच्या, धुक्यात ओलसर काळपट. बिजूचेट्टनच्या आवाजात डोक्यात आलं: चाकोरीतून चाल.

सायकली हातात धरल्या आणि मान खाली घालून त्या ओळींवरून चालत निघालो. खडकावर त्या हरवल्या. तिथे काकांना उभं केलं आणि मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलत बोलत पलीकडची वाळू शोधली. मघाशी याच खडकावर माझी चूक झाली होती. ओळी इथून टेकडी सोडून सरळ निघत होत्या आणि मी टेकडीबरोबर वळलो होतो. डोंगराला पाठ करून निघायचं माझ्या पायांना जमत नव्हतं. तरी निघालो.

अर्ध्या वाटेत धुकं उठलं. हळूहळू नाही, कुणी चादर ओढून घ्यावी तसं. मी मागे पाहिलं आणि तसाच उभा राहिलो. सगळी टेकडी दिसत होती. पांढरी, ओली, उन्हात आतून दिवा लावल्यासारखी. मागे निळा समुद्र. पायथ्याशी दोन हरणं होती, वाळूच्याच रंगाची, हलली म्हणून कळली. आमच्या भोवती कोसभर जमीन दवानं चमकत होती आणि तिच्यावर माणसाचं म्हणून काय, तर आमच्या चाकोऱ्या.

मला आयुष्यात पहिल्यांदा एक डोंगर सगळ्या बाजूंनी माहीत झाला होता. आमचा डोंगर मी जन्मापासून पाहतोय; पण एकाच बाजूनं. त्याच्या मागे कोकण आहे, तिथले लोक वेगळं बोलतात, एवढंच ऐकून. आप्पाही कधी पलीकडे उतरले नाहीत. दूध सगळं अलीकडचं.

काकांनी टोपी काढून हातात घेतली होती, देवळात काढतात तशी. मग एवढंच म्हणाले, "बास. हे नेतो मी पुण्याला."

जेवायच्या वेळेला आम्ही घरी पोचलो. काकूंनी दार उघडून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "एक प्रदक्षिणा जास्त झाली." मी सगळं खरं सांगितलं. काकू ताटं घ्यायला आत गेल्या आणि मला रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त वाढली. आठवड्यानं ते दोघं गेले. आता अल हिलालच्या त्या घरात कुणी दुसरंच राहतं. शनिवारी मी हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवतो.

आप्पांना हे सांगायला मला वेळ लागला. त्यांचं वाक्य इथे चालत नाही, हे त्यांना कसं सांगायचं? शेवटी एका शुक्रवारी दुपारी, राइडहून आल्यावर सांगितलं. ते ऐकत राहिले. मागे किटल्या धुतल्याचा आवाज येत होता. मला वाटलं वाईट वाटलं असेल.

"येकटा डोंगर आसंल तर तसंच व्हनार," आप्पा म्हणाले. मग लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, "मागनं कसा दिसतो रं?"

मी त्यांना सांगितलं. पांढरा रंग, हरणं, समुद्र. सांगता सांगता नकाशा डोळ्यासमोर आला. आमच्या ओट्यावरून मावळतीकडे पाहिलं की डोंगर, डोंगरामागे कोकण, कोकणामागे समुद्र, आणि समुद्राच्या पलीकडच्या काठाला मी. परदेशात आहे, लांब आहे, असं मी इतके दिवस म्हणत होतो. खरं तर मी आमच्याच डोंगराच्या मागे राहतो. घर अलीकडे आहे तसंच थोडं पलीकडेही आहे, आणि ती बाजू आमच्यात मीच पाहिली आहे.

तेवढ्यात आप्पा म्हणाले, चल, ठेवतो, दिवस डोंगरामागं गेला, दूध घालायचंय.

मी खिडकीबाहेर पाहिलं. इथे अजून लख्ख ऊन होतं. त्यांच्याकडून निघालेला दिवस नुकताच माझ्याकडे येऊन पोचत होता.